सोळा रंगांतला नवरामुलगा

"कोणी हलू नका! वायर सैल आहे," दत्तूकाका ओरडले.

शकूआत्याचा पोह्यांचा चमचा तोंडाशी पोचला होता, तो तिथंच थांबला. आई दारात उभी होती, ती दारातच राहिली. नाना तेवढे खुर्चीत निवांत होते, कारण नाना एरवीही फारसे हलत नसत. मी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते आणि मला कोणी 'हलू नको' म्हणायची गरजच नव्हती. माझ्याच लग्नाचं चाललं होतं. अंगातला जीव सगळा डोळ्यांत येऊन बसला होता.

बार्शीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दत्तूकाकांचा स्टुडिओ. काका नानांचे धाकटे भाऊ. नानांचं साड्यांचं दुकान होतं, काकांचं व्हिडिओ शूटिंग. लग्नाच्या कॅसेटच्या सुरुवातीला आकाशातून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, कलश येतो, नारळ येतो, मग 'चि. सौ. कां.' एकेक अक्षर गिरक्या घेत येतं, ते सगळं काका स्वतः करायचे. कशावर, तर मस्कतहून परत आलेल्या एका माणसाकडून विकत घेतलेल्या घरगुती कॉम्प्युटरवर. कीबोर्डच्या पोटातच सगळं मशीन, वायर टीव्हीला जोडली की झालं. त्यात मराठी अक्षरं नव्हती म्हणून काकांनी आख्खी बाराखडी ठिपक्या-ठिपक्यानं हातानं काढली होती. एके काळी ते मशीन बघायला लोक यायचे. नंतर स्टँडसमोर एक नवा स्टुडिओ निघाला, त्यांच्याकडे नवे कॉम्प्युटर आले, आणि काकांच्या मशीनला लोक 'दत्तूचा डबा' म्हणायला लागले. तोंडावर नव्हे, पण काकांच्या कानावर यायचंच की.

म्हणून त्या रविवारी काकांना चेव चढला होता.

मला स्थळ आलं होतं. अरविंद हंचाटे, मस्कतला ड्राफ्ट्समन, सुट्टीवर पुण्याला बहिणीकडे आलेला. बहीण नलूताई. त्यांनी फोटो ईमेलनं पाठवला. आता ईमेल बघायला गावात एकच सायबर कॅफे, आणि तिथं कॉलेजची टारगट पोरं.

"चारचौघांत जावई बघायचा?" आत्या म्हणाली होती. "ती पोरं मागून डोकावणार. मी नाही येणार बाई."

"सायबर कॅफे कशाला?" काका म्हणाले होते. "घरात कॉम्प्युटर आहे ना?"

मग काकांनी कॅफेवाल्याकडून तो फोटो फ्लॉपीवर घेतला. पण मशीन पडलं जुनं. आताच्या फोटोची फाइल उघडायची कशी हे त्याला ठाऊकच नव्हतं. काकांचा पुण्याला एक मित्र होता, असल्याच मशीनचा वेडा. त्यानं कुरिअरनं दुसरी फ्लॉपी पाठवली. तिच्यात एक छोटा प्रोग्राम.

"याला प्लगिन म्हणतात," काका म्हणाले. "म्हणजे असं बघ शकूताई, मशीनला जेपेग फोटो वाचता येत नाही. हे त्याच्यात बसवलं की वाचता येतं. फोटो दाखवायचा जुनाच प्रोग्राम दाखवणार, पण हा त्याच्या कानात सांगणार, हे असं आहे, ते तसं आहे."

"मध्यस्थच म्हण की," आत्या म्हणाली.

"अगदी बरोबर! मध्यस्थ."

काकांची एक रीत होती. मशीनमध्ये काही नवीन घालायचं म्हटलं की आधी हळदकुंकू. देवासमोरची कोयरी आणून त्यांनी फ्लॉपीच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं, मशीनला लावलं, टीव्हीलाही लावलं. मग फ्लॉपी आत सारली. मशीन घरघरलं. एक फाइल एका जागी, दुसरी फाइल दुसऱ्या जागी ठेवायची, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. काका प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलून करत होते, जसं काही आम्हाला त्याची परीक्षा द्यायची होती.

"आता फोटोची फ्लॉपी," काका म्हणाले. "हं. बोला गणपतीबाप्पा!"

"मोरया," नाना एकटेच म्हणाले.

फोटो एकदम येत नव्हता. वरून खाली, एकेक रेघ करत उतरत होता. आधी भिंत आली. मग केस.

"केस आहेत हो भरपूर," आत्या म्हणाली. "आताच्या मुलांना केसच नसतात."

मग कपाळ यायला लागलं. 

कपाळ तपकिरी होतं, आणि त्याच्या मधोमध पांढरा डाग. फिकट वगैरे नव्हे, चुन्यासारखा पांढरा. त्याची कड स्पष्ट. रेघा खाली उतरत गेल्या. नाकाच्या शेंड्यावर पांढरं. एका गालावर मोठा पांढरा पट्टा, दुसऱ्या गालावर लहान. हनुवटीवर एक. डोळे चांगले होते, हसरे होते, पण ते बघायला कोण बसलंय?

आई दारातूनच म्हणाली, "कोड आहे."

तिनं तो शब्द असा टाकला की जणू ताटातला खडा बाजूला काढून ठेवला.

"अगं बाई!" आत्यानं पोह्यांची ताटली खाली ठेवली. "आणि सांगितलं नाही त्यांनी? एवढं तोंडभर कोड, आणि लपवून स्थळ पाठवतात? काय लोक असतात एकेक!"

"दत्तू, मशीनची काही गडबड नाही ना?" नानांनी विचारलं.

झालं! काकांचा चेहराच बदलला. "मशीन खोटं बोलत नाही दादा. आहे ते दाखवतं. शर्ट बघ, पांढरा पांढराच आहे की नाही? दात बघ. भिंत बघ. त्याच्या तोंडावर जे आहे ते आहे, त्याला मशीन काय करणार?"

"नको," आई म्हणाली. "असल्या ठिकाणी नको."

"अगदी नको," आत्या म्हणाली. "उद्या पोरांना झालं म्हणजे? आपल्या घराण्यात कुणाला नखाएवढं नाही."

मी नानांकडे बघितलं. नाना पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

कारण आमच्या घराण्यात कुणाला होतं ते नानांना माहीत होतं, आईला माहीत होतं आणि मला. बास, एवढ्याच माणसांना. माझ्या कमरेवर डाव्या बाजूला, निऱ्या खोचतात त्याच्या जरा खाली, तळहाताएवढा पांढरा डाग होता. शाळेत होते तेव्हा उठला. आईनं वैद्याचा काळा लेप लावला, सोलापूरच्या डॉक्टरांची मलमं लावली, दूध आणि मासे एकत्र बंद केले, मग मासेच बंद केले. रोज रात्री दार लावून ती लेप लावायची आणि तोंडानं काही बोलायची नाही. आमच्या घरात त्या डागाला नाव नव्हतं. 'तुझं ते' म्हणायची आई. 'तुझ्या त्याला लेप लावायचा राहिलाय.' डाग वाढला नाही, गेलाही नाही. शकूआत्या आमच्याच गल्लीत राहायची, दिवसातून दोनदा यायची, पण तिला पत्ता लागला नव्हता. आई म्हणायची, लग्नाआधी हूं की चूं करायचं नाही. लग्नानंतर बघू.

आणि आता तीच आई दारात उभं राहून म्हणत होती, असल्या ठिकाणी नको.

खरं सांगू? तो चेहरा टीव्हीवर उतरताना मला काय वाटलं ते मी कुणाला कधी सांगितलं नाही. मला आनंद झाला. हो, आनंद! दुसऱ्याच्या तोंडावर कोड बघून! मनात म्हटलं, हा आपला. याच्यासमोर मला काही लपवावं लागणार नाही. रात्री दिवा विझवायची घाई करावी लागणार नाही. त्याचं तोंडावर आहे तरी तो असा हसतोय, मग माझं काय मोठं?

"मला चालेल," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय चालेल?" आत्या म्हणाली.

"हा मुलगा. मला चालेल."

"डोकं फिरलं का पोरीचं?" आत्या आईकडे वळली. "सुमन, ऐकतेस ना ही काय म्हणते? अगं, तुझ्यात काय कमी आहे म्हणून तू असला पत्करायचास?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले. मागोमाग ती आली. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

"काय चाललंय तुझं?"

"आई, मलाही आहे ना ते."

"हळू बोल."

"मग त्याला असलं तर काय बिघडलं?"

"तुझं झाकलेलं आहे," आई म्हणाली. "त्याचं तोंडावर आहे. फरक आहे की नाही?"

एवढं बोलून तिनं नळ बंद केला आणि विळी घेऊन बसली. बाहेर नाना म्हणत होते, "एकदोन दिवस जाऊ दे. मग फोन करून पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतो."

रात्रभर मला तो चेहरा दिसत राहिला. मी त्याच्याशी बोलायलाही लागले होते, हसू नका. लग्न ठरायच्या वयाला पोरीला तेवढंच एक काम असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणाच्या क्लासला म्हणून निघाले आणि वाटेतल्या एसटीडी बूथमध्ये शिरले. नलूताईंचा नंबर मी हातावर पेनानं लिहून आणला होता. काचेचं दार ओढून घेतलं. बाहेर बूथवाला पेपर वाचत होता.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज आला.

मला वाटलं होतं नलूताई उचलतील. बोलायचं सगळं तयार केलं होतं ते त्यांच्यासाठी.

"नलूताई आहेत का?"

"ताई बाजारात गेलीय. मी तिचा भाऊ बोलतोय. कोण?"

ठेवून द्यावा फोन, असं एक मन म्हणालं. त्या मनाचं ऐकलं असतं तर! पण मी म्हणाले, "मी जयमाला पुकाळे. बार्शीहून."

"अच्छा!" त्याचा आवाज एकदम नरम झाला. "बोला की."

"आमच्या घरून नकार येईल," मी म्हणाले. एका दमात बोलत होते, मध्ये थांबले असते तर पुढचं आलंच नसतं. "पत्रिकेचं कारण सांगतील. ते खरं नाही. पण मला तुम्ही चालता. तुमच्या त्या डागांचं मला काही वाटत नाही. मुळीच नाही. मलापण आहे."

"कसले डाग?" त्यानं विचारलं.

"तोंडावरचे. फोटोत दिसले आम्हाला."

"माझ्या तोंडावर डाग?"

"कोड," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द तोंडानं उच्चारला, आणि तोसुद्धा परक्या पुरुषाशी बोलताना.

"अहो, मला कोड नाही," तो म्हणाला. रागावला नव्हता, गोंधळला होता. "तुमचं काहीतरी चुकतंय. फोटो माझ्यासमोर आहे, त्यात काहीच नाही. कुठं बघितलात तुम्ही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काचेतून बूथवाला दिसत होता, तो पेपरमधून मान वर करून माझ्याकडे बघतोय असं वाटलं, खरं तर बघत नसेलही. मी त्याच्याकडे पाठ केली.

"आणि तुम्ही म्हणालात तुम्हाला आहे," तो म्हणाला. "खरं आहे का ते?"

नाही म्हणता आलं असतं. चेष्टा केली म्हणता आलं असतं. पण तो इतक्या साधेपणानं विचारत होता की मला खोटं सुचलंच नाही.

"हो."

"सांगितलंत ते बरं केलं," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. क्लासला गेलेच नाही. उलट पावली घरी आले आणि थेट काकांच्या खोलीत घुसले.

"काका, तो फोटो परत लावा."

"कशाला? नको म्हणून ठरलंय ना?"

"लावा तुम्ही."

काका कुरकुरत बसले. फोटो परत रेघारेघांनी उतरला, तसाच, तेच डाग. मी टीव्हीच्या जवळ जाऊन बघितलं. मग मला दिसलं की डाग नुसते तोंडावर नव्हते. मागच्या भिंतीवर एका बाजूला तसाच पांढरा पट्टा होता. गळ्यावर होता. खिशातल्या निळ्या पेनावरही होता. जिथं जिथं उजेड पडला होता तिथं पांढरं.

"काका, भिंतीला पण कोड आहे का?"

काका पुढे झुकले. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी मशीनमधली रंगांची पाटी, म्हणजे कुठले रंग वापरायचे त्याची यादी, उघडली, आणि त्यांचा हात तिथंच थबकला.

मशीनला एका वेळी सोळाच रंग दाखवता यायचे. एरवी ते सोळा कुठले हे फोटोप्रमाणे बदलायला हवेत. पण काकांनी लग्नाच्या टायटलसाठी आपले सोळा रंग पक्के करून त्यांना कुलूप घातलं होतं, म्हणजे कलशाचा पिवळा दर कॅसेटला तोच यावा. कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, शालूचा हिरवा, पाकळ्यांचा गुलाबी, अक्षरांचा पांढरा. माणसाच्या कातडीचा म्हणावा असा त्यात एकच होता, कलशावरच्या नारळाचा तपकिरी. प्लगिन बसवताना त्यानं विचारलं होतं, रंग कुठले घेऊ? काकांनी सवयीनं आपले दिले होते. बिचाऱ्या मध्यस्थानं जे हाताशी होतं त्यात भागवलं. तोंड नारळाच्या रंगाचं, आणि उजेड पडलेली जागा अक्षरांच्या पांढऱ्या रंगाची.

काकांनी कुलूप काढलं. फोटो पुन्हा उतरायला लागला. कपाळ आलं, नाक आलं, गाल आले. स्वच्छ. सावळा, नाकीडोळी नीटस, कुणालाही आवडावा असा मुलगा.

काकांनी कपाळाला हात लावला. "मीच म्हटलं ना. मशीन खोटं बोलत नाही म्हणून छातीठोकपणे मीच सांगितलं. मूर्ख म्हातारा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दादानं विचारलं होतं. एक पाटी उघडून बघायचीही तसदी घेतली नाही मी. त्या स्टुडिओवाल्यांना हसायला कारण नको म्हणून."

मला त्यांची समजूत काढता आली नाही. मी त्या स्वच्छ चेहऱ्याकडे बघत होते आणि मला रडू येत होतं. त्याचे डाग गेले म्हणून! कसं सांगायचं हे कुणाला?

काकांनी संध्याकाळी सगळ्यांसमोर नानांचे पाय धरले. नाना म्हणाले, "अरे असू दे, असू दे." शकूआत्या फोटो बघून म्हणाली, "मी म्हटलंच होतं, केस किती छान आहेत." आई रात्री लेप लावताना पहिल्यांदा गुणगुणत होती.

"देवानं ऐकलं," ती म्हणाली. "आता तू फक्त तोंड मिटून राहा."

फोनचं सांगायला मी तोंड उघडलं. पण तिचा चेहरा इतका सुखी होता की माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी नलूताईंचा फोन आला, बघायला येतो म्हणाल्या, आणि आई बेसन भाजायला लागली. मला वाटलं, त्याला कळलंय तरी येतोय. म्हणजे त्याला चालतंय. मी त्या आशेवर गप्प राहिले.

ते आले. काकांनी नवा शर्ट घातला होता. अरविंद फोटोतल्यासारखाच होता, माझ्याकडे बघून जरासा हसलाही. विचारपूस झाली, मस्कतचा उन्हाळा झाला, साड्यांचे भाव झाले. मग नलूताई आईला म्हणाल्या, "जरा आत येता का? जयमालालाही घ्या."

आतल्या खोलीत त्यांनी स्वतःच दार लोटलं.

"राग मानू नका हं," त्या म्हणाल्या. आवाज गोड होता, खरंच गोड होता. "फोनवर ही अरविंदला म्हणाली तो डाग. बाईमाणूस म्हणून मी बघून घेते. म्हणजे मनात शंका नको."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं ती आता म्हणेल, कसला डाग? तशी म्हणायची तिला सवय होती. पण तिनं नुसती खिडकी लावून घेतली.

मी निऱ्या सोडल्या. त्या मुठीत धरून डावी बाजू उघडी केली. नलूताईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाकून बघितलं.

"एवढाच आहे? वाढतोय का?"

"नाही," मी म्हणाले.

"वळ बरं जरा. पाठीवर? ब्लाउज थोडा वर घे. हं. आणि पोटऱ्यांवर? लुगडं वर कर बघू. तळव्यांना सुरुवात होते म्हणे कधीकधी."

मी पायाचा तळवा वर केला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी तेही केलं, आणि त्यांनी आणखी काही दाखवायला सांगितलं असतं तर तेही केलं असतं. मला तो मुलगा हवा होता.

"बास," आई म्हणाली.

"अहो, बघून घेतलेलं..."

"बास म्हटलं ना!" आईनं दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिथं नाना, काका, आत्या, अरविंद सगळे होते. "माझ्या मुलीला कोड आहे," ती म्हणाली. कुणी विचारलंच नव्हतं. "कमरेवर आहे. शाळेत होती तेव्हापासून आहे. मी लपवून ठेवलं. तिनं सांगितलं. आता ज्याला काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

शकूआत्याच्या हातातला कप बशीवर वाजला.

"अहो ताई, आम्ही नाही कुठं म्हटलंय?" नलूताई मागून आल्या.

"आम्ही म्हणतोय," आई म्हणाली. "आम्हाला नको."

मी मुठीत निऱ्या धरून तशीच दारात आले होते. सगळ्यांसमोर. आईचा मला अभिमान वाटायला हवा होता ना? मला तिचा राग आला. नको म्हणणारी ती कोण? एकदा दारात उभी राहून नको म्हणाली होती, आता खोलीत उभी राहून म्हणत होती. मला कोणी विचारलंच नव्हतं.

"तुम्ही सांगा," मी अरविंदला म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं बहिणीकडे बघितलं. आणि तिथंच बघत राहिला.

एवढंच. वाईट माणूस नव्हता तो. पण मला लख्ख कळलं की मी ज्याला हो म्हटलं होतं तो हा नव्हेच. तो काकांच्या टीव्हीत होता, सोळा रंगांतला, नारळाच्या तोंडाचा, सगळे डाग घेऊन हसणारा. त्याच्यासाठी मी फोन केला, त्याच्यासाठी तळवा वर केला. तो जगात नव्हताच कुठं. आता माझी पन्नाशी आली, संसार झाला, पण त्या दुपारच्या आठवणीनं अजूनही एकटी असले तरी तोंडावर पदर घेते मी.

"चहा झालाय," मी त्याला म्हणाले. "तो घ्या आणि निघा."

त्यांनी चहा घेतला नाही. गेले. नाना त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आई माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिथंच, पुढच्या खोलीत, दीर आणि नणंद असताना. माझ्या मुठीतल्या निऱ्या तिनं काढून घेतल्या आणि एकेक करून परत घालायला लागली. डाग उघडाच होता, तिनं तो झाकायची घाई केली नाही. पण निऱ्या सारख्या निसटत होत्या. दोनदा जमवल्या, दोनदा सुटल्या.

मग शकूआत्या उठली. गुडघे धरत आईच्या शेजारी खाली बसली आणि तिनं निऱ्यांची खालची टोकं धरली, घट्ट, म्हणजे आईला वर खोचता याव्यात. वर मात्र तिनं एकदाही बघितलं नाही.